जुनी मोटर पुन्हा पाण्यात

होडी चालवायची तर हातात वल्ही हवीत, नाहीतर डोलकाठीला शीड हवे. वारा पडला की शीड लोंबते. वल्ही मारून मारून खांदे भरून येतात. म्हणून होडीच्या मागच्या फळीला टांगायची एक लहान मोटर निघाली. तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात. ती दोन पकडींनी आवळून बसवायची. काम झाले की उचलून घरी न्यायची.

या मोटरीचे तीन भाग असतात. वर असते इंजिन आणि पेट्रोलची टाकी. मध्ये लांब नळी असते आणि नळीतून एक दांडा खाली जातो. खाली पाण्यात पंखा असतो. इंजिन दांडा फिरवते, दांडा पंखा फिरवतो, पंखा पाणी मागे लोटतो आणि होडी पुढे जाते. मोटर उजवीडावीकडे वळवली की होडी वळते. म्हणजे सुकाणूचे कामही तीच करते.

अशा कितीतरी जुन्या मोटरी आज कोणाच्या पडवीत, कोणाच्या माळ्यावर गंजत पडल्या आहेत. इंग्लंडात आणि अमेरिकेत पुष्कळ लोक त्या शोधून काढतात, उघडतात, धुतात, दुरुस्त करतात आणि जुन्या लाकडी होड्यांना पुन्हा लावतात. पन्नास-साठ वर्षांची मोटर पुन्हा धडधडू लागते. हे कसे करतात, ते या पाठात पाहू. यात जादू नाही. धीर लागतो, स्वच्छ हात लागतो आणि वाचता-लिहिता यावे लागते.

ही मोटर आली कोठून?

ओल एविनरूड नावाचा एक माणूस होता. त्याचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात झाला. लहानपणीच तो अमेरिकेत गेला. पुढे तो मिलवॉकी शहरात यंत्रांचे काम करू लागला. त्याची एक गोष्ट सांगतात. तळ्याकाठी मंडळी सहलीला गेली होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवे होते. ओल वल्ही मारीत पलीकडे गेला. पण ऊन असे कडक की परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले! तेव्हा त्याच्या मनात आले, होडीला मोटर असती तर?

गोष्ट खरी असो की रंगवलेली असो, एवढे खरे की बेस पुढे त्याची बायको झाली आणि १९०९ साली त्याची मोटर विक्रीला आली. दीड हॉर्सपॉवरची ती मोटर ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो भरत असे. होडीला टांगायची मोटर त्याच्या आधीही एकदोघांनी केली होती. पण ती घरोघर पोचवली ती ओल आणि बेस यांनी. वल्ही आता टाकून द्या, अशा अर्थाची जाहिरात बेसने लिहिली होती. त्या वल्ह्यांबद्दल आम्हांला पुढे एक गोष्ट सांगायची आहे.

एविनरूड नावाच्या मोटरी शंभराहून अधिक वर्षे निघत होत्या. २०२० साली त्या बंद झाल्या. पण जुन्या मोटरी अजून आहेत. अशा मोटरी जपणाऱ्या लोकांनी १९६५ साली अमेरिकेत आपले एक मंडळही काढले. हे लोक एकमेकांना सुटे भाग देतात, माहिती देतात आणि वर्षातून काही वेळा तळ्यावर जमून जुन्या मोटरी चालवतात.

सीगलची साधी रचना

इंग्लंडात सीगल नावाची मोटर फार प्रसिद्ध झाली. सीगल म्हणजे समुद्रपक्षी. १९३१ साली ती प्रथम निघाली. पुढे तिचा कारखाना पूल नावाच्या बंदरगावी होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या आरमाराने आपल्या लहान होड्यांसाठी हजारो सीगल घेतल्या. आता हा कारखानाही राहिला नाही. तरी काही दुकाने सीगलचे सुटे भाग अजून विकतात.

सीगलवर झाकण नाही, नक्षी नाही. वर उघडे चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोरी चाकाला गुंडाळायची आणि ओढायची. बॅटरी नाही, बटण नाही. पुष्कळ जुन्या सीगलची टाकी पितळेची असे. थोडी हत्यारे आणि थोडी समज असली की घरच्या घरी ती उघडता येते.

तुम्ही म्हणाल, नवी मोटर मिळत असताना हा खटाटोप कशाला? याला कारणे आहेत. पहिले कारण होडीचे. जुनी लाकडी होडी जड असते. तिला धाव नको, रेटा हवा. सीगलचा पंखा मोठा असतो आणि सावकाश फिरतो. बैल जसा जड गाडी दमाने ओढतो, तसा तो जड होडी लोटतो. शिवाय जुन्या होडीची मागची फळी हलक्या मोटरीच्या बेताने केलेली असते. भारी नवी मोटर टांगली तर ती फळी खिळखिळी होते. दुसरे कारण माणसाचे. जे यंत्र आपल्याला उघडता येते, ते खरे आपले. जे उघडता येत नाही, त्याच्यासाठी दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

आधी वाचा, मग पाना उचला

जुनी मोटर मिळाली की पुष्कळांचे हात शिवशिवतात. लगेच दोरी ओढायची घाई होते. असे करू नका. आधी मोटर नीट पाहा.

तिच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो. अक्षरे आणि आकडे असतात. अंगावर मळ असेल तर रॉकेलचा बोळा फिरवा आणि नंबर वहीत उतरवून घ्या. सीगलच्या नंबरावरून ती कोणत्या जातीची आणि साधारण कोणत्या काळातली ते कळते. त्यावरून सुटा भाग कोणता मागवायचा ते ठरते. नंबर न वाचता भाग मागवला तर पैसे गेले, वेळ गेला आणि मोटर तशीच राहिली.

नंतर एकेक भाग सोडवावा. सोडवण्याआधी त्याचे चित्र वहीत काढावे. कोणता बोल्ट कोठला, वायशर वर की खाली, हे लिहावे. सुटलेले लहान भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर चिठ्ठी लावावी. आठवणीवर विसंबू नये. मोटर उघडून महिना झाला की कोणता स्क्रू कोठला, हे भल्याभल्यांना आठवत नाही. चिठ्ठी मात्र विसरत नाही!

खारे पाणी हा मोटरीचा शत्रू. अॅल्युमिनियमच्या अंगात लोखंडी बोल्ट बसवला आणि त्यात खारे पाणी शिरले की दोन धातूंची झटापट सुरू होते. अॅल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आत जखडून जातो. असा बोल्ट जोराने फिरवला तर डोके तुटून हातात येते. म्हणून त्यावर पातळ तेल सोडावे आणि थांबावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडावे. भोवतालचा भाग बेताने तापवावा, म्हणजे तो फुगतो आणि बोल्ट ढिला होतो. तापवण्याआधी टाकी काढून लांब ठेवावी. जवळ पेट्रोल असता कामा नये. बोल्ट परत बसवताना त्याला ग्रीस लावायला विसरू नये.

मोटर जाम असली तर

चाक हाताने फिरत नसेल तर दोरी ओढून काही होत नाही. आतला पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटलेला असतो. प्लग काढावा. त्याच्या भोकातून थोडे पातळ तेल आत ओतावे आणि मोटर दोनचार दिवस तशीच ठेवावी. मग चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे हलवून पाहावे. हलले नाही तर आणखी तेल, आणखी थांबणे.

चाकावर हातोडा मारू नये. एका घावाने आतला दांडा वाकतो. मग दुरुस्तीचा खर्च मोटरीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. चाक काढायचेच असेल तर पुलर लावून काढावे.

मोटरीला चार प्रश्न

चाक मोकळे झाले. आता मोटरीला चार प्रश्न विचारायचे. क्रम सोडायचा नाही.

पहिला प्रश्न, दाब आहे का? प्लग बसवून चाक हाताने सावकाश फिरवा. एका जागी ते अडले पाहिजे, जोर लावल्यावर पुढे गेले पाहिजे. याला कंप्रेशन म्हणतात. चाक कोठेच न अडता भिंगरीसारखे फिरले तर दाब कोठून तरी निसटतो आहे. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील किंवा पॅकिंग फाटले असेल. आधी ते पाहावे.

दुसरा प्रश्न, करंट आहे का? या मोटरीला बॅटरी नसते. चाकात लोहचुंबक बसवलेले असते. चाक फिरले की शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच भाऊबंद. चाकाखाली पॉइंट नावाचे दोन लहान तुकडे असतात. ते उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी पडते. मोटर वर्षानुवर्षे पडून राहिली की पॉइंटवर मळ चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासून, कोऱ्या कागदाने पुसून काढावा. पॉइंट पूर्ण उघडले की त्यांच्यात किती अंतर हवे, ते मोटरीच्या पुस्तकात दिलेले असते. सीगलमध्ये ते एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले वीस भाग, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. ते डोळ्याने मोजता येत नाही. फीलर गेजची पत्ती घालून मोजावे. प्लगची वायर तडकली असेल तर नवी घालावी.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग काढून वायरीला जोडावा. प्लगचे धातूचे अंग मोटरीच्या अंगाला टेकवून ठेवावे आणि दोरी ओढावी. निळसर, जोरदार ठिणगी पडली तर ठीक. पण हे टाकीत पेट्रोल भरण्याच्या आधी करावे. ठिणगी आणि पेट्रोल एका जागी आणू नयेत. विडी-काडीही लांब ठेवावी.

तिसरा प्रश्न, पेट्रोल पोचते का? जुने पेट्रोल पडून राहिले की उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. तो टाकीत, नळीत आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. हे सगळे धुवावे. बारीक भोकात तार घालू नये. भोक मोठे झाले तर पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. भोक हवा मारून साफ करावे.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इंग्लंडात २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये ते दहा टक्क्यांपर्यंत असते. आपल्याकडेही मिसळतात. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर खराब करते. काही जुन्या मोटरींच्या कार्बोरेटरमध्ये बुचाचा तरंगता तुकडा असतो. त्याला लाखेचा थर दिलेला असतो. इथेनॉलमध्ये लाख विरघळते. मग बूच पेट्रोल पिते आणि तरंगेनासे होते. म्हणून जुन्या रबरी नळ्या आणि बुचे बदलावीत. काम झाले की टाकीत पेट्रोल ठेवू नये.

या मोटरी टू-स्ट्रोक. त्यांना तेल वेगळे घालत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळतात. तेच तेल आतल्या भागांना वंगण देते. नुसते पेट्रोल भरले तर मोटर थोड्याच वेळात तापून जाम होते. जुन्या सीगलला १० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागे. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर तेल. नंतरच्या सीगलला २५ भागांना १ भाग, म्हणजे ५ लिटरला २०० मिलिलिटर. आपली मोटर कोणती, ते नंबरावरून ठरवावे आणि मापाने मिसळावे. अंदाजाने ओतू नये. नंबर वाचण्याचे महत्त्व आता कळले ना?

चौथा प्रश्न, पाणी फिरते का? मोटर तापते. ती थंड ठेवण्यासाठी खाली एक लहान पंप असतो. तो तळ्यातले किंवा समुद्रातले पाणी वर चढवतो आणि परत बाहेर टाकतो. पंपाचा पंखा वर्षांनी कडक होतो किंवा झिजतो. तो बदलावा. पाण्याच्या वाटांत मीठ आणि गाळ साचतो, तो काढावा. समुद्रातून आल्यावर दर वेळी मोटर गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवावी, म्हणजे मीठ धुऊन जाते.

लहान पिन, मोठा बचाव

पुष्कळ जुन्या मोटरींच्या पंख्यात एक लहान पिन असते. ती मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते, पण आतली चाके वाचतात. काही जण तुटलेल्या पिनेच्या जागी पोलादी खिळा ठोकतात. पुन्हा तुटायला नको, असे त्यांना वाटते. पुढच्या वेळी खिळा तुटत नाही, आतली चाके तुटतात! म्हणून पिन जशी होती तशीच घालावी आणि होडीत दोन जादा ठेवाव्यात. सीगलमध्ये पिनेऐवजी जाड स्प्रिंग असते. कामाची तऱ्हा तीच.

पंख्याजवळच्या पेटीत घट्ट तेल असते. ते काढून पाहावे. दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले आहे. जुन्या सीगलमध्ये थोडे पाणी शिरतेच. म्हणून ते तेल वरचेवर बदलावे.

पिंपातली परीक्षा

सगळे जोडून झाले. आता मोटर पाण्याबाहेर सुरू करून पाहू नका. पाणी नसेल तर पंप कोरडा फिरतो आणि जळतो. मोठे पिंप पाण्याने भरावे. काठाला मजबूत फळी बांधून तीवर मोटर आवळावी. पंखा आणि पंपाचे तोंड पाण्यात नीट बुडले पाहिजे. हे उघड्यावर करावे. बंद खोलीत धूर साचून जीव जातो.

दोरी ओढण्याआधी मागे पाहावे. मागे पोर उभे असेल तर दोरीचा फटका त्याच्या डोळ्याला बसेल. दोरी हाताला गुंडाळू नये. चाक उघडे असते, म्हणून सैल बाह्या आणि उपरणे सांभाळावे. मोटर सुरू झाली की पाणी बाहेर येते का, ते पाहावे. येत नसेल तर लगेच बंद करावी.

वल्ही टाकू नका

मोटर पिंपात चालली म्हणून समुद्रात चालेलच असे नाही. पहिली फेरी काठाकाठाने, उथळ पाण्यात करावी. पुष्कळ जुन्या मोटरींना क्लच नसतो. मोटर सुरू झाली की होडी लगेच धावते. म्हणून आधी खाली बसावे, मग दोरी ओढावी.

आता वल्ह्यांची गोष्ट. ओहोटी लागली आहे आणि खाडीच्या तोंडाशी मोटर बंद पडली, असे समजा. पाण्याची ओढ होडीला बाहेर समुद्रात नेते. त्या वेळी मोटर दुरुस्त करायला वेळ नसतो. नांगर टाकावा लागतो, नाहीतर वल्ही मारावी लागतात. जाहिरातीत काही असो, आम्ही सांगतो, वल्ही टाकू नका. वल्ही, नांगर आणि प्रत्येकाला तरंगते जाकीट होडीत हवेच. मोटर कितीही चांगली दुरुस्त केली असली तरी हवेच.

जुन्या मोटरीचे गुण सांगितले, तसा दोषही सांगितला पाहिजे. ती धूर फार करते. न जळलेले तेल पाण्यावर पसरते, मासे आणि पिण्याचे पाणी खराब होते. म्हणून अमेरिकेतल्या टाहो तळ्यात १९९९ पासून जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी आहे. ज्या तळ्याचे पाणी लोक पितात तेथे अशी मोटर नेऊ नये. जपणारे शहाणे लोक ती थोडा वेळच चालवतात.

प्रत्येक मोटर वाचतेच असेही नाही. थंड देशात आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि मोटरीचे अंग तडकते. अंगाला मोठी चीर असेल तर तिच्या नादी लागू नये. तिचे चांगले भाग दुसऱ्या मोटरीला उपयोगी पडतात.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणच्या किनाऱ्यावरही लहान होड्यांना मागे टांगायच्या मोटरी लावून मासेमारी करतात. त्या मोटरी नव्या असतात, पण खारे पाणी तेच आणि वर सांगितलेले चार प्रश्नही तेच. विहिरीवरच्या इंजिनाला आणि शेतातल्या फवारणीच्या पंपालासुद्धा यांतले बरेच प्रश्न लागू पडतात. यंत्र बंद पडले की आपण म्हणतो, मेले हे! पण पुष्कळदा ते मेलेले नसते. एका बारीक भोकात कचरा अडकलेला असतो किंवा एका पॉइंटवर मळ बसलेला असतो. हातोडा उचलण्याआधी वही उघडा आणि एकेक प्रश्न क्रमाने विचारा.

सांगा पाहू

१. जुनी मोटर मिळाल्यावर तिचा नंबर आधी का लिहून घ्यावा?
२. मोटरीला विचारायचे चार प्रश्न कोणते?
३. २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागते. तर १० लिटर पेट्रोलला किती तेल लागेल?
४. पंख्याच्या पिनेच्या जागी पोलादी खिळा घातला तर काय होईल?
५. तुमच्या घरी बंद पडलेले एखादे यंत्र आहे का? त्याचे नाव आणि नंबर वहीत लिहा.